पहिलं मॉड्युलर जुळवताना

प्रश्न : युरोरॅकचा (सुटी मॉड्यूल जोडून बनणाऱ्या सिंथेसायझरचा एक प्रकार) पहिला संच जुळवतो आहे. ८४ एचपीची (एचपी हे मॉड्यूलच्या रुंदीचं माप) एकच ओळ, त्यात चार ऑसिलेटर (मूळ सूर काढणारी मॉड्यूल) आणि एक फिल्टर (आवाजाचा पोत बदलणारं) असा बेत आहे. वाजवणार संगणकावरून, मिडीने (सुरांचे डिजिटल संदेश). यादी बरोबर आहे का?

उत्तर : ऑसिलेटर एकच ठेवा. तुमच्या यादीत आवाज काढणारं भरपूर आहे, पण फिल्टर सोडला तर तो थांबवणारं, वळवणारं काहीच नाही. चारही ऑसिलेटर अखंड गुणगुणत राहतील. एक ऑसिलेटर, एक फिल्टर, एक एन्व्हलप (प्रत्येक सुराचा चढउतार ठरवणारं), एक एलएफओ (संथ लहरीने आवाज हलवत ठेवणारं), दोन व्हीसीए (व्होल्टेजने पातळी कमीजास्त करणारी), एक छोटा मिक्सर आणि मिडी-सीव्ही (मिडीचे संदेश व्होल्टेजमध्ये बदलणारं) एवढं घ्या. व्हीसीए दोन हवेतच : एक आवाजाच्या चढउतारासाठी, दुसरा एलएफओचा परिणाम कमीजास्त करायला. डोप्फर या कंपनीची साधी मॉड्यूल घेतली तर हे सगळं ७० एचपीच्या आत बसतं. उरलेली जागा सहा महिने रिकामी राहू द्या, फक्त तिच्यावर कोऱ्या पट्ट्या लावा.

खरी काळजी विजेची घ्या. प्रत्येक मॉड्यूलला +१२, −१२ आणि +५ व्होल्टवर किती मिलिअँपिअर लागतात ते उत्पादक देतो. तिन्ही बेरजा वेगळ्या करा. +१२ वर ७०० होत असतील तर १००० मिलिअँपिअरचा पुरवठा घ्या. सगळी मॉड्यूल एकदम सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढतात; पुरवठा काठावरचा असेल तर केस (मॉड्यूल बसवायची पेटी) चालूच होत नाही किंवा डिजिटल मॉड्यूल अडकतात.

मॉड्यूलला वीज देणाऱ्या चपट्या रिबन केबलची लाल कड −१२ च्या बाजूला यायला हवी. उलटी लागली आणि मॉड्यूलमध्ये संरक्षक डायोड नसेल, तर आतल्या आयसी (चिप) जळतात. केबल लावताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगही काढा. केसची खोलीही मोजा. उथळ केसमध्ये काही मॉड्यूल मागे टेकतात.

युरोरॅकचा आवाज साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक असतो, ऑडिओ इंटरफेसला तो फार होतो. पातळी उतरवून देणारं आउटपुट मॉड्यूल नसेल तर मिक्सरची पातळी शून्यापासून हळूहळू वाढवा.

प्रश्न : एका मिडी-सीव्हीतून साध्या मल्टिपलने (एक संकेत अनेक ठिकाणी वाटणारं मॉड्यूल) दोन ऑसिलेटर चालवतो. दुसरा जोडताच पहिल्याचा सूर उतरतो. ऑसिलेटर बिघडला आहे का?

उत्तर : नाही. मिडी-सीव्हीचा आउटपुट रोध १ किलोओहम आणि ऑसिलेटरचा इनपुट रोध १०० किलोओहम धरा. प्रत्येक ऑसिलेटरमागे व्होल्टेज सुमारे एक टक्का घटतं. ३ व्होल्टच्या सुरावर दुसरा ऑसिलेटर जोडला की साधारण ०.०३ व्होल्ट जातात. एका सप्तकाला १ व्होल्ट या हिशेबाने ही उतरण सुमारे ३५ सेंट (सप्तकाचे १२०० सेंट), कानाला सहज कळणारी. व्होल्टेज जितकं जास्त तितकी घट मोठी, म्हणून एका सुरावर जुळवून घेतलं तरी बाकीचे बेसूरच राहतात. स्वरासाठी बफर असलेला (व्होल्टेज न घटवता वाटणारा) मल्टिपल वापरा. गेट (सूर सुरू-बंद करणारा संकेत) आणि एलएफओला साधा चालतो. अ‍ॅनालॉग ऑसिलेटर मात्र अर्धा तास तापल्यावरच जुळवा.