हेवी मेटल बँडचा गायक नुसता ओरडतो का? आणि घसा आयुष्यभर टिकतो कसा?

प्रश्न तुम्ही असा विचारलाय, म्हणून आधीच सांगतो की मी मेटल गायक नाही. अमळनेर तालुक्यातला आहे आणि अकरा वर्षं लग्नाच्या बँडमध्ये गायलोय. बँडच्या गाडीवर उभं राहायचं, हातात माइक, डोक्यावर भोंगे, पुढं नाचणारी वरात आणि वरून मे महिन्यातलं खान्देशातलं ऊन. दाट तिथी असली की सकाळी एका गावाची सुपारी, रात्री दुसऱ्या गावाला हळद. त्यामुळे घशाबद्दल थोडंफार बोलू शकतो. आयर्न मेडन या इंग्लंडच्या हेवी मेटल (इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमचं दणदणीत रॉक संगीत) बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन, त्याच्याबद्दल मात्र घरचे कंटाळतील इतकं बोलतो, तर उत्तर त्याच्याच आधारानं देतो.

२००५ च्या दिवाळीत पुण्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या मामेभावानं मेडनच्या गाण्यांची एमपीथ्री सीडी आणली होती. आईनं पहिल्याच मिनिटाला विचारलं, "हाई गानं शे का भांडन शे?" मला मात्र त्यात एक गोष्ट लगेच कळली. हा माणूस ओरडत नव्हता. तारसप्तकातला सूर लावून तो धरून ठेवत होता, आणि सूर जागचा हलत नव्हता. गाडीवर उभं राहून आम्ही तेच करायचा प्रयत्न करायचो आणि दुसऱ्या कडव्याला फाटायचो. (मेटलमध्ये घोगरं गुरगुरणारी गायकी असते ती वेगळी. तिचं तंत्र वेगळं, तिच्यात मला गती नाही.)

डिकिन्सनचा जन्म १९५८ चा, इंग्लंडमधल्या वर्कसॉपचा. आजोबा कोळशाच्या खाणीत कामाला, आणि लहानपणी हा आजी-आजोबांकडेच वाढला. बोर्डिंग शाळेतून काढून टाकलं, पुढं लंडनला इतिहास शिकला. सॅमसन नावाच्या बँडमध्ये 'ब्रूस ब्रूस' या नावानं गायचा, तिथून १९८१ मध्ये मेडनवाल्यांनी त्याला उचलला. कुणाच्या जागी, तर पॉल डिॲनोच्या. डिॲनोही १९५८ चाच. दारू आणि कोकेनपायी त्याला दौरे झेपेनासे झाले आणि बँडनं काढलं. शेवटच्या वर्षांत तो व्हीलचेअरवर बसून गायचा, ऑक्टोबर २०२४ मध्ये वयाच्या ६६ व्या वर्षी गेला. बँड एक, गायक दोघं एकाच वर्षी जन्मलेले. मला हे सारखं आठवतं, कारण आमच्या धंद्यातही वरातीत नोटांबरोबर बाटली पुढं येतेच, आणि 'एक घोट घे, आवाज मोकळा होईल' म्हणणारा पाव्हणा प्रत्येक गावात असतो.

१९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' हा त्याचा मेडनबरोबरचा पहिला अल्बम. त्यातल्या शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या ओळी हळू आवाजात आहेत. निर्माता मार्टिन बर्चनं त्या चार ओळी तासन् तास परत परत गाऊन घेतल्या. शेवटी हा इतका चिडला की जी किंकाळी बाहेर पडली तीच रेकॉर्डवर गेली, असं तो स्वतः सांगतो. आणि जुन्या बँडशी करार सुटला नव्हता म्हणून त्या अल्बमवर गीतकार म्हणून त्याचं नाव लागलंच नाही. आमच्याकडं तर अहिराणी गाणं बांधणाऱ्याचं नाव वरातीतल्या कुणाला कधी ठाऊक असतं?

आता दमाचं. ऑगस्ट १९८४ ते जुलै १९८५ असा त्यांचा एकच दौरा चालला, १८० च्या वर कार्यक्रम. आमच्या सीझनला साठ सुपाऱ्या झाल्या तरी जूनमध्ये बोलायला आवाज राहत नसे. या दौऱ्यानंतर डिकिन्सन इतका थकला होता की पुढच्या अल्बमसाठी त्यानं शांत, अकूस्टिक (विजेच्या वाद्यांशिवायची) गाणी लिहिली. बँडनं ती घेतली नाहीत. १९८६ च्या त्या अल्बमवर त्याचं लिहिलेलं एकही गाणं नाही, नुसता गायला. मुख्य गायक म्हणजे बँडचा मालक, असं लोकांना वाटतं. मेडनमध्ये शेवटचा शब्द बास वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसचा.

१९९३ मध्ये डिकिन्सन बँड सोडून गेला आणि ब्लेझ बेली आला. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या बेलीत आहे. त्याचा आवाज मुळात खालच्या पट्टीतला, पण जुनी गाणी डिकिन्सनच्या पट्टीत बांधलेली, आणि बँडनं पट्टी काही उतरवली नाही. बिचारा रोज रात्री दुसऱ्याच्या उंचीवर उडी मारत होता. आवाजानं दगा दिला, कार्यक्रम रद्द झाले, लोकांनी हुर्यो उडवली. १९९९ मध्ये डिकिन्सन परत आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या सगळ्यांत आहे, पण बेलीला वाईट गायक म्हणणाऱ्याशी मी भांडतो.

कारण माझं तेच झालं. कॅसिओवर ट्रान्सपोजचं बटण असतं, दाबलं की पट्टी खाली. पण ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटला बटण नसतं. वाजवणाऱ्यांची बोटं एका पट्टीत वर्षानुवर्षं बसलेली असतात, आणि आमचे बँडचे मास्तर म्हणायचे, "गाणं वळखीचं वाटलं पाहिजे, तू चढ." मी चढायचो. २०१४ च्या सीझनमध्ये आवाज बसला तो बसलाच. स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. डॉक्टरांनी कुजबुजायचंसुद्धा नाही असं बजावलं, कारण कुजबुजण्यानंही घशावर ताण पडतो. मी पाटीवर लिहून दूधवाल्याशी बोलायचो.

त्याच डिसेंबरात डिकिन्सनला जिभेच्या मुळाशी कॅन्सर असल्याचं निदान झालं. आमच्याकडं घशाचा, तोंडाचा कॅन्सर म्हटलं की लोक आधी गुटख्याची पुडी शोधतात. त्याच्या बाबतीत कारण एचपीव्ही नावाचा विषाणू होता. ३३ वेळा रेडिएशन, नऊ आठवडे केमो. रेडिएशननं लाळग्रंथी सुकतात, आणि कोरड्या तोंडानं गाणं म्हणजे वंगणाशिवाय मोटर चालवणं. मे २०१५ मध्ये डॉक्टरांनी बरा झाल्याचं सांगितलं, आणि २०१६ मध्ये तो पुन्हा जगभर दौऱ्यावर होता, बोइंग ७४७ घेऊन.

हो, विमानाचं राहिलंच. तो परवानाधारक वैमानिक आहे, एका कंपनीत प्रवासी विमानं चालवायचा. २००८ च्या दौऱ्यात बँड, कामगार आणि सामान असं सगळं एका ७५७ मध्ये भरून हा स्वतः कॅप्टनच्या खुर्चीत बसायचा. त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारीला मुंबईत, बांद्रा-कुर्ला संकुलात झाला. मी जळगावहून रात्रीच्या गाडीनं जनरलच्या डब्यात उभा राहून गेलो होतो, घरी लग्नाची सुपारी आहे असं सांगून. पन्नाशीला आलेला तो माणूस स्टेजभर पळत होता, ॲम्प्लिफायरवरून उड्या मारत होता, आणि श्वास कुठं घेतोय तेच कळत नव्हतं. मग नीट बघितलं. ओळ संपायच्या आधी तो माइक जरासा तोंडापासून लांब न्यायचा, तेवढ्यात पोट भरून श्वास घ्यायचा. पळणं गाण्याच्या मधल्या वाद्यांच्या जागी, सूर लावताना पाय रोवलेले. एरवी तो तलवारबाजीही करतो, त्याचा फायदा होत असावा.

परत आल्यावर गाडीवर मी तसं करून बघितलं. मास्तर म्हणाले, नाटकं करू नको, नवरदेवाच्या काकाकडं बघ, नोट धरून उभा आहे.

आता मी त्याच बँडमध्ये कॅसिओ वाजवतो, मास्तर थकले म्हणून मलाच मास्तर म्हणतात. गायला धरणगावकडचा एक पोरगा आहे, एकवीस वर्षांचा. मागच्या तिथीला हळदीत त्यानं मागं वळून दोन बोटं खाली केली. दोन सूर खाली. ट्रम्पेटवाल्यानं डोळे वटारले. मी बटण दाबलं आणि पोराला म्हटलं, "म्हन."