ऑफलाइन नकाशात उपग्रहचित्र वापरताना

मोबाइलवर ऑफलाइन उपग्रहचित्र वापरायचे असेल, तर सर्वांत आधी झूमची कमाल पातळी ठरवा, कारण प्रत्येक पुढच्या पातळीला टाइल्सची, म्हणजे नकाशाच्या चौकोनी तुकड्यांची, संख्या चौपट होते आणि नवशिक्यांची फसगत बहुधा इथेच होते. उदाहरणार्थ, सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहमालिकेचे चित्र घ्या. त्यातील सर्वांत बारीक पिक्सेल जमिनीवर 10 मीटरचा असतो, तर 256 पिक्सेलच्या टाइलमध्ये झूम 14 ला विषुववृत्तावर एक पिक्सेल सुमारे 9.6 मीटरचा असतो. म्हणजे झूम 17 पर्यंत टाइल्स बनवल्या, तर केवळ शेवटच्या पातळीवर 14 च्या 64 पट टाइल्स साठतील आणि तपशील तसूभरही वाढणार नाही. ॲपला 14 ची टाइल ताणून दाखवता येत असेल, तर तिथेच थांबा.

अशा चित्रांसाठी जेपेग निवडा; पीएनजी रेषा-अक्षरांच्या नकाशाला किंवा पारदर्शक थराला शोभते. टाइल्स एमबीटाइल्समध्ये, म्हणजे एकाच एसक्यूलाइट डेटाबेस फाइलमध्ये ठेवल्या की हजारो सुट्या फाइल्स हलवण्याचा त्रास वाचतो. मात्र मेमरी कार्ड फॅट32 या फाइल-पद्धतीत फॉरमॅट केलेले असेल, तर 4 जीबीची फाइलही त्यावर मावत नाही. हे मला एक अख्खी संध्याकाळ वाया गेल्यावर उमगले.

टाइल्सच्या ओळी वर-खाली उलट लागल्या, तर चित्राला दोष देऊ नका. एमबीटाइल्समध्ये ओळी दक्षिणेकडून मोजतात, ऑनलाइन नकाशांत रूढ असलेल्या एक्सवायझेड मांडणीत उत्तरेकडून. शिवाय ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या सार्वजनिक सर्व्हरवरून घाऊक टाइल्स उतरवण्यास मनाई आहे, तेव्हा पार्श्वभूमीचा नकाशाही स्वतःच तयार करा, आणि निघण्यापूर्वी फोन विमान मोडवर टाकून सर्व पातळ्या एकदा उघडून पाहा.