बर्फाच्या दिवसाची प्रश्नोत्तरे: मिठाची पिशवी मुलांच्या हातात देण्याआधी वाचा

हिवाळा आला की घरीच शिकवणाऱ्या पालकांचे प्रश्न येऊ लागतात आणि त्यातले निम्मे मागच्या हिवाळ्यातही आलेले असतात. म्हणून पुन्हा एकदा. मी बालरोगतज्ज्ञ आहे, शिक्षणतज्ज्ञ नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : आम्ही मुलीला (वय ५) घरीच शिकवतो. बर्फामुळे शाळांना सुट्टी मिळाली की आम्हीही द्यावी का?

द्या. वर्षाला अमुक दिवस भरले पाहिजेत असा नियम तुमच्याकडे असेल, तर तो संबंधित कार्यालयाला विचारा.

प्रश्न : मुलं ३ आणि ६ वर्षांची. दोघांना एकत्र करता येईल असं काय? एक ‘विंटर सेन्सरी किट’ मागवायचा विचार आहे. त्यात झटपट बर्फाची पावडर आणि पाण्यात फुगणारे मणी आहेत.

दाराबाहेर गुडघाभर खरा बर्फ पडलाय आणि तुम्ही खोटा विकत घेणार? ती पावडर म्हणजे पाणी शोषणारा पॉलिमर, डायपरमध्ये असतो तोच. खोक्यावर ‘शैक्षणिक’ असं छापलं की किंमत चढते, बाकी काही बदलत नाही. मणी तर घरातच आणू नका. ते गिळले तर पोटात गेल्यावर फुगतात, आतडं अडवतात आणि एक्स-रेमध्ये सहसा दिसतही नाहीत. ३ वर्षांच्या मुलाने गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी होण्याची वाट न पाहता रुग्णालयात न्या.

त्याऐवजी काचेची सरळ उभी बरणी घ्या. दाबून न भरता ताज्या बर्फाने काठोकाठ भरा. वितळल्यावर पाणी कुठपर्यंत येईल, ते दोघांना बाहेरून पट्टी चिकटवून सांगू द्या. धाकटा अर्ध्यावर लावेल, थोरला कदाचित त्याहून वर. पाणी मात्र तळाशी दिसेल. ढोबळ मानाने १० सेंटीमीटर ताज्या बर्फाचं १ सेंटीमीटर पाणी होतं. बर्फ ओला असेल तर जास्त, भुरभुरीत असेल तर कमी. बाकीची जागा हवेची. पुढच्या बर्फाला पुन्हा करा, आकडा बदलतो.

प्रश्न : टाकणखार उकळत्या पाण्यात विरघळवून त्याचे ‘हिमकण’ करतात. ४ वर्षांच्या मुलाबरोबर करू का?

नको. टाकणखार पोटात जाणं चांगलं नाही आणि या वयात हात तोंडात जातोच. स्फटिकच करायचे तर मिठाचे करा, गरम पाणी मोठ्यांनी हाताळायचं.

पण खरे हिमकण पडत असताना ही खटपट कशाला? काळं लोकरी कापड अर्धा तास बाहेर गारठू द्या, मग त्यावर पडणारे कण भिंगातून बघा आणि बघताना श्वास बाजूला सोडा, नाहीतर कण जागीच विरतात. सहा बाजू मोजायला ४ वर्षांचं मूलही शिकतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या विल्सन बेंटलेने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात ५ हजारांहून अधिक काढले. लहानपणी तो आईकडे घरीच शिकला होता, हे तुम्हा मंडळींना आवडेल.

प्रश्न : बर्फ खाल्ला तर चालतो का?

ताजा, पांढरा, वरच्या थरातला चिमूटभर चालतो. रस्त्याकडेचा किंवा यंत्राने ढकललेला अजिबात नाही.

प्रश्न : काल मुलाने (वय ७) पिशवीत बर्फ-मीठ घालून आइस्क्रीम केलं. पिशवी उघड्या हातांनी धरली होती. दोन बोटं पांढरी पडली. आजी म्हणाल्या, बर्फानेच चोळ, म्हणून चोळली. आज एका बोटावर फोड आहे. दोन दिवस वाट पाहू का?

नाही. आजच डॉक्टरांना दाखवा, फोड फोडू नका. बाकीचं दवाखान्यातून आल्यावर वाचा.

हा प्रयोग दर वर्षी होतो आणि दर वर्षी कुणाची तरी बोटं त्यात सापडतात. वितळत्या बर्फाचं तापमान शून्य अंश असतं. मीठ घातलं की तो आणखी वितळू लागतो, त्यासाठी उष्णता लागते आणि ती तो मिळेल तिथून ओढतो, मुलाच्या बोटांतूनसुद्धा. हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. म्हणजे पालक बाहेर जाताना मुलांना दोन-दोन हातमोजे घालतात आणि घरात उबेला बसून त्याहून गार वस्तू मुलाच्या उघड्या हातात देतात! त्यात बोट आधी बधिर होतं, त्यामुळे मूल तक्रारही करत नाही.

प्रयोग बंद करा असं मी म्हणत नाही. मिश्रण झाकणाच्या डब्यात भरा, डबा जाड टॉवेलात गुंडाळा आणि जमिनीवर एकमेकांकडे घरंगळवा. थर्मामीटर लावून मीठ घालण्याआधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवायला सांगा, विज्ञान त्यातच आहे.

चोळण्याचा सल्ला मात्र कायमचा विसरा. आधीच दुखावलेली त्वचा त्याने आणखी फाटते. ओले हातमोजे काढा, हात ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा, पाणी मोठ्यांनी आपल्या कोपराने तपासावं. शेगडी, हीटर, गरम पाण्याची पिशवी नको. बधिर त्वचा भाजली तरी कळत नाही. रंग आणि संवेदना लवकर परतली नाही, त्वचा मेणासारखी कडक वाटली किंवा फोड आला, तर हिमदंश समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मूल पेंगुळलं, अडखळत बोलू लागलं, तर थेट तातडीची सेवा बोलवा.

प्रश्न : बाहेर किती वेळ खेळू द्यावं? मुलीला दम्याचा त्रास आहे.

सगळ्यांना लागू होईल असा आकडा नाही. वाऱ्यासह जाणवणारं तापमान उणे २८च्या आसपास गेलं, तर उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते. लहान मुलांना त्याच्या कितीतरी आधी आत घ्या. बोटं सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे बरे. घसरगाडीवर लोंबता मफलर नको, तो अडकतो. गार कोरड्या हवेने दमा उफाळतो, तेव्हा आधी तिच्या डॉक्टरांशी बोला. इनहेलर खेळण्याआधी घ्यायचा का, हे त्यांनी ठरवायचं, शेजाऱ्यांनी नाही.

प्रश्न : रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात बोगदा करू द्यावा का?

नाही. ढीग वरून कोसळतो आणि बर्फ हटवणाऱ्या चालकाला आतलं मूल दिसत नाही. अंगणात बिनछताचा किल्ला करा, भिंती मुलांच्या कमरेपेक्षा उंच नकोत.