कॅटापल्ट म्हणजे नक्की काय, बेचकी की गोफण?

गोफण तर नक्कीच नाही. गोफण म्हणजे दोरीची, डोक्यावरून गरगर फिरवून दगड सोडायचा, शेतात पाखरं हाकायला माळ्यावर उभं राहून मारतात ती. तिला इंग्रजीत स्लिंग म्हणतात. ब्रिटिश इंग्रजीत कॅटापल्ट म्हणजे आपली बेचकी (काही ठिकाणी गलोल), अमेरिकन लोक तिलाच स्लिंगशॉट म्हणतात, घोळ तिथेच होतो.

पण मूळ शब्द ग्रीक, आणि ते लढाईतलं यंत्र होतं. इ.स.पू. ३९९ च्या सुमाराला सिसिलीतल्या सिराक्यूजच्या डायोनिसियसने कारागीर जमवून ती बनवून घेतली असं सांगतात, सुरुवातीला दगड नाही तर मोठाले बाणच फेकायचे त्याने. नंतर रोमन लोकांचं दगड फेकणारं एक यंत्र आलं, त्याचं नाव ओनेजर, म्हणजे रानगाढव, कारण दगड सुटला की मागून लाथ मारल्यासारखं उसळायचं 😄 बेचकी त्यामानाने अगदी कालची, कारण त्या ताणाला टिकणारं रबरच १९ व्या शतकात आलं, मग ट्यूब कापून पोरांचा उद्योग सुरू.

तिसरा अर्थ विमानवाहू जहाजावरचा, विमानाला झटका देऊन उडवणारी यंत्रणा. आपल्या जुन्या विक्रांतवर वाफेवर चालणारा कॅटापल्ट होता, आताच्या विक्रांतवर तो नाही, पुढे वर उचललेला रॅम्प आहे.

आणि बातमीत 'कॅटापल्टेड टू फेम' वाचलं असेल तर 'एका रात्रीत प्रसिद्ध झाला' एवढंच, तिथे बेचकी शोधू नका.