वाचकांचे प्रश्न : आकाशगंगा आपल्या संगणकात की कंपनीच्या सर्व्हरवर?

अंतराळात भटकंती करण्याच्या व्हिडिओ गेम्सविषयी आलेल्या पत्रांत एकच शंका निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेली दिसते : हे खेळ इंटरनेटशिवाय खेळता येतात का, आणि तसे खेळले तर नेमके काय हातचे जाते? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात इंटरनेट दोन-दोन दिवस बंद असते. ‘नो मॅन्स स्काय’ आणि ‘एलिट डेंजरस’ यांपैकी एक गेम घ्यायचा आहे. दोन्हींत एकट्याने खेळण्याची सोय आहे असे कळले. कोणता घ्यावा? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : एकट्याने खेळणे आणि इंटरनेटशिवाय खेळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच समजल्यामुळे अनेकांची फसगत झालेली आहे. ‘एलिट डेंजरस’मध्ये खेळण्याच्या तीन पद्धती आहेत : सर्वांसाठी खुली असलेली ओपन, ओळखीच्यांपुरता खासगी गट आणि सोलो. सोलो निवडल्यावर दुसरा एकही खेळाडू आपल्याला दिसत नाही हे खरे; परंतु आपण त्याच सामायिक आकाशगंगेत वावरत असतो, जिथले बाजारभाव आणि राजकीय गटांचे वर्चस्व कंपनीच्या सर्व्हरवर नोंदले जाते. सोलोमध्ये आपण एखाद्या गटासाठी केलेले काम त्या ठिकाणचे पारडे ओपनमधल्या खेळाडूंसाठीही हलवते. त्यामुळे जोडणी तुटली की खेळ थांबतो आणि आपण मुख्य मेनूवर येऊन पडतो. आपल्या पावसाळ्यात हा गेम निरुपयोगी ठरेल.

‘नो मॅन्स स्काय’ मात्र इंटरनेट नसतानाही सुरू होतो आणि व्यवस्थित चालतो. मूळ कथा, ग्रहांचा शोध, तळ बांधणे, व्यापार, जहाजे गोळा करणे हे सारे आपल्याच यंत्रावर घडते आणि सेव्हही तेथेच राहते. आपण मुकाल त्या गोष्टी इतक्याच : इतरांनी बांधलेले तळ व त्यांनी ग्रहांना दिलेली नावे दिसणार नाहीत, ॲनोमली या अंतराळस्थानकात इतर प्रवासी भेटणार नाहीत, तेथून मिळणाऱ्या सामूहिक कामगिऱ्या करता येणार नाहीत आणि ठरावीक काळापुरत्या येणाऱ्या मोहिमांत भाग घेता येणार नाही. नेट असताना खेळ आणि त्याचे अपडेट उतरवून ठेवावेत. ते बरेच मोठे असतात. ज्या ऑनलाइन दुकानातून खेळ घ्याल त्याचा ऑफलाइन प्रकार पावसाळ्यापूर्वी एकदा चालू करून तपासून पाहावा, कारण कित्येकदा खेळ तयार असतो आणि अडवतो तो दुकानाचा लॉगिन.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. या खेळांतील ग्रह कोणी हाताने रचलेले नसून सूत्राने आपल्याच संगणकावर तयार होतात असे वाचले आहे. मग सर्व्हरची गरजच काय? कंपन्या निव्वळ ताबा ठेवण्यासाठी हे करतात का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपले पहिले विधान अचूक आहे, आणि त्याचा इतिहास मला फार प्रिय असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन तरुणांनी १९८४ साली बीबीसी मायक्रो या ३२ किलोबाइट स्मृतीच्या संगणकासाठी ‘एलिट’, म्हणजे आजच्या ‘एलिट डेंजरस’चा पूर्वज, तयार केला. त्यात ८ आकाशगंगा होत्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. एवढ्या ग्रहांची यादी साठवायला जागा नव्हती. म्हणून त्यांनी यादी साठवलीच नाही. एक बीजसंख्या घ्यायची, तिच्यावर ठरलेली गणिती क्रिया करत जायचे आणि येणाऱ्या आकड्यांतून ग्रहाचे नाव, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था काढायची. बीज तेच असेल तर ग्रहही प्रत्येक वेळी तोच निघतो. ‘नो मॅन्स स्काय’ याच वाटेने पुढे गेला. त्यातील बीज ६४ बिटांचे असल्यामुळे शक्य ग्रहांची संख्या १८ वर १८ शून्ये एवढी होते. गिल्डफर्डच्या हॅलो गेम्स या लहानशा चमूला एवढे ग्रह कोणत्याही सर्व्हरवर ठेवता आले नसते, आणि तशी गरजही नव्हती.

सूत्राने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे त्याच खेळाच्या पहिल्या दिवसांत सर्वांसमोर आले. ऑगस्ट २०१६ मध्ये तो प्रसिद्ध होताच दोन खेळाडूंनी परस्परांशी संपर्क साधून एकाच ग्रहावरचे एकच ठिकाण गाठले. दोघेही त्याच जागी उभे होते, पण एकाला दुसरा दिसेना. त्या दृश्यावरून पुढे फार गदारोळ झाला, कारण खेळाडू एकमेकांना भेटू शकतील अशी अपेक्षा आधीच्या मुलाखतींतून निर्माण झाली होती. रागावण्याला कारण होते. परंतु मला त्या प्रसंगात एक विलक्षण गोष्ट दिसते : दोन घरांतल्या दोन यंत्रांनी एकमेकांना काहीही न विचारता तोच ग्रह, तीच टेकडी उभी केली होती. माणूस मात्र सूत्रातून निघत नाही. तो आता कुठे उभा आहे, त्याने काय बांधले, प्राण्याला काय नाव दिले, हे दुसऱ्या यंत्राला कोणीतरी कळवावे लागते. सर्व्हरची खरी गरज एवढ्यापुरतीच. हॅलो गेम्सने ती टप्प्याटप्प्याने भागवली : २०१७ च्या अपडेटमध्ये सहप्रवासी प्रकाशाच्या तरंगत्या गोळ्यांच्या रूपात दिसू लागले, जुलै २०१८ मध्ये सदेह भेटू लागले. मूळ ऑफलाइन खेळाला यातल्या एकाही टप्प्यावर त्यांनी हात लावला नाही. माझ्या मते या कंपनीने केलेले हे सर्वांत चांगले काम आहे आणि त्याविषयी पुरेसे बोलले जात नाही.

आता ताब्याविषयी. ‘एलिट डेंजरस’साठी केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने २०१२ च्या अखेरीस किकस्टार्टरवरून लोकांकडून पैसे उभे केले आणि त्या मोहिमेदरम्यान ऑफलाइन प्रकार देण्याचे सांगितले. नोव्हेंबर २०१४ मध्ये, म्हणजे खेळ बाजारात येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, तो प्रकार रद्द झाल्याचे जाहीर झाले. कारण असे देण्यात आले की हजारो खेळाडूंच्या व्यवहारांतून बदलत जाणारी आकाशगंगा सर्व्हरशिवाय चालवता येत नाही आणि तिच्याविना उरणारा खेळ निर्जीव ठरेल. अनेकांनी पैसे परत मागितले आणि त्यावरून बराच वाद झाला. कंपनीचे कारण तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते. बदलते बाजारभाव आणि गटांची चढाओढ घरच्या संगणकावर जशीच्या तशी उतरवणे खरोखरच अवघड आहे. पण त्या खेळात सुमारे ४०० अब्ज तारकामंडले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत बाजार नाही, गट नाहीत, माणूसच नाही. ज्याला फक्त त्या ओसाड विस्तारात फिरायचे आहे त्याच्यासाठी स्तब्ध आकाशगंगाही पुरेशी होती. अशा माणसाला कमी सोयींचा ऑफलाइन प्रकार देता आला असता, आणि द्यायचा नव्हता तर पैसे घेण्यापूर्वी तसे सांगायला हवे होते. १९८४ चा ‘एलिट’ जतन केलेल्या संगणकावर किंवा एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) आजही कोणाची परवानगी न मागता सुरू होतो.

प्रश्न : मग उद्या कंपनीने सर्व्हर बंद केले तर विकत घेतलेल्या खेळाचे काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ज्या खेळाला सर्व्हर लागतोच, तो उघडणार नाही. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतींचा खेळ एकट्याने खेळता येत असूनही सतत जोडणी मागत असे. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेल्यांच्याही तो हातून गेला. त्यातूनच युरोपात उभ्या राहिलेल्या नागरिकांच्या मागणीपत्राने २०२५ साली दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. सेवा थांबवताना खेळ चालू राहील अशा स्थितीत सोडावा, एवढीच मागणी आहे, आणि तिला माझा मनापासून पाठिंबा आहे. तूर्त आपण विकत घेण्यापूर्वी विक्रीच्या पानावर ‘इंटरनेट आवश्यक’ असे लिहिले आहे का, ते वाचावे. ‘एकट्याने खेळता येतो’ एवढ्यावर विसंबू नये.

प्रश्न : मी ‘एलिट डेंजरस’ कायम सोलोमध्ये खेळतो. मित्र म्हणतो की ओपन हाच खरा खेळ. मला लढाईत रस नाही, फक्त नवे तारे पाहायचे आहेत. माझ्यासारख्याला ओपनमध्ये काय मिळेल? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : आपल्या मित्राशी मी सहमत नाही. शोधक महिनोन्महिने फिरून जी माहिती गोळा करतो, ती स्थानकावर विकेपर्यंत केवळ त्याच्या जहाजात असते आणि जहाज फुटले की न विकलेली सारी माहिती जाते. एखाद्या तारकामंडलावर ‘प्रथम शोध’ म्हणून आपले नाव उमटायचे तेही विक्रीनंतरच. गजबजलेल्या स्थानकाजवळ एखादा खेळाडू निव्वळ गंमत म्हणून गोळीबार करू शकतो, तेव्हा परतीचा शेवटचा टप्पा सोलोमध्ये करणे हा शहाणपणा आहे; त्यात भित्रेपणा काही नाही.

तरीही ओपनची एक बाजू आपल्याला ठाऊक असावी. आपण निश्चितच कधी तरी इंधनाच्या विवंचनेत सापडला असाल. के, जी, बी, एफ, ओ, ए आणि एम या वर्गांच्या ताऱ्यांजवळून उडताना इंधन भरून घेता येते. तपकिरी खुजे, श्वेत खुजे, न्यूट्रॉन तारे यांच्याजवळ ते मिळत नाही. नकाशात वर्ग न पाहता सलग तीन-चार उड्या मारल्या की टाकी रिकामी होते, यंत्रणा एकामागून एक बंद पडतात आणि प्राणवायूचे आकडे उलटे मोजले जाऊ लागतात. अशा वेळी ‘फ्युएल रॅट्स’ नावाचा खेळाडूंचाच एक स्वयंसेवी गट धावून येतो. कोणी पैसे देत नाही, खेळ त्यांना बक्षीस देत नाही. तरी ते अडकलेल्याकडे इंधन घेऊन जातात. त्यांची पहिली सूचना अशी असते की प्राणवायूची मोजणी सुरू झालेली दिसली तर ताबडतोब मुख्य मेनूवर निघून जा, कारण तेथे आपली घटिका थांबते. मग खेळाबाहेर त्यांच्याशी संपर्क साधायचा आणि ते पोहोचले की त्यांच्या सांगण्यावरून ओपनमध्ये परतायचे. सोलोमध्ये आपण जिथे अडकला असता, ओपनमध्येही तिथेच सापडता, कारण आकाशगंगा एकच आहे. ज्या सामायिक रचनेने आपला ऑफलाइन खेळ हिरावला, तीच येथे उपयोगी पडते, हे मान्य केले पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये निघालेल्या ‘डिस्टंट वर्ल्ड्स २’ या मोहिमेत तेरा हजारांहून अधिक खेळाडू सूर्यापासून सुमारे ६५ हजार प्रकाशवर्षांवरच्या बीगल पॉइंटकडे गेले, तीही खेळाडूंनीच आखलेली मोहीम होती. अशा सफरींसाठी खासगी गट हा मधला मार्ग आपल्या स्वभावाला मानवेल असे वाटते.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिला ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’चा नाद लागला आहे. तिला मैत्रिणीबरोबर एकाच अवकाशात खेळायचे आहे, पण तशी सोय सापडत नाही. इतक्या साध्या खेळांत जी सोय असते ती येथे का नसावी? (एक आई, नाशिक)

उत्तर : मेक्सिकोतील स्क्वाड या कंपनीने केलेला, स्वतः याने रचून अवकाशात पाठवण्याचा हा खेळ मूळचा ऑफलाइन आहे आणि आपल्या मुलीचा प्रश्न त्यातल्या सर्वांत अवघड जागी बोट ठेवतो. येथे अडसर इंटरनेटचा नसून काळाचा आहे. समजा, तिने जूल या हिरव्या वायुग्रहाकडे यान सोडले. त्या प्रवासाला खेळातील काही वर्षे लागतात, म्हणून ती काळाचा वेग एक लाख पटींपर्यंत वाढवते आणि काही मिनिटांत पोहोचते. त्याच क्षणी तिची मैत्रीण मिन्मस या छोट्या चंद्रावर अलगद उतरत असेल तर? मैत्रिणीचा एकेक सेकंद मोलाचा असताना तिचेही घड्याळ एक लाख पटींनी पळवायचे, की आपल्या मुलीला जूलपर्यंत वर्षानुवर्षे बसवून ठेवायचे? हौशी लोकांनी केलेल्या मॉडमध्ये (मूळ खेळाला बाहेरून जोडायच्या बदलांमध्ये) प्रत्येकीला स्वतःचा काळ देऊन नंतर एकीने दुसरीचा काळ गाठायचा, असा तोडगा आहे, पण तो वापरायला किचकट आहे. खेळाच्या दुसऱ्या भागात ही सोय जाहीर झाली होती. ती आली नाही.

तोवर एक जुनी पद्धत सुचवतो. या खेळात प्रत्येक यानाची स्वतंत्र छोटी फाइल बनते आणि ती सेव्हच्या फोल्डरमधील ‘शिप्स’ या फोल्डरमध्ये असते. एकीने रचलेले यान दुसरीला पेन ड्राइव्हवरून देता येते. त्याहून गंमत हवी असेल तर संपूर्ण सेव्ह फोल्डरच द्यावा. एकीने आपला अंतराळवीर मिन्मसवर इंधनाविना अडकवून ठेवायचा आणि दुसरीने बचावाचे यान रचून त्याला परत आणायचे, मग फोल्डर पुन्हा पहिलीकडे. दोघींकडे खेळाची आवृत्ती, विस्तार आणि मॉड सारखेच असावेत, नाहीतर यान उघडत नाही. आणि मैत्रिणीचा फोल्डर आपल्याकडे घेण्यापूर्वी स्वतःच्या जुन्या फोल्डरची एक प्रत वेगळी ठेवायला मुलीला आठवणीने सांगावे.