निचऱ्याचं पाणी बिटाला चालेल का?

प्रश्न : शिरोळ तालुक्यात आमची क्षारपड जमीन आहे. सच्छिद्र पाइप टाकून निचरा केलाय, ते पाणी चरात येतं. इजिप्तमध्ये असं पाणी परत वापरून साखरबीट घेतात म्हणे. आम्ही घेऊ का? कंद पोसायला संजीवक कोणतं फवारावं?
– एक शेतकरी

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, कफर अल शेखकडे, निचऱ्याचं पाणी गोड्या पाण्यात मिसळून बीट पिकवतात. मातीची क्षारता १.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उसाचं उत्पादन घटू लागतं. बिटाला ७ पर्यंत फारसा फरक पडत नाही. पण हे जोम धरलेल्या बिटाचं झालं. उगवताना ३ च्या वरची क्षारताही त्याला सोसत नाही. म्हणून पेरणीचं पाणी आणि सुरुवातीच्या पाळ्या नदीच्याच द्या; रोपं सावरली की चराचं पाणी मिसळा.

पाण्याचा अहवाल हातात आला की मी आधी सोडियम बघतो. बीट सोडियम खुशाल घेतं, पण आपली काळी माती त्यानं चिकट होऊन बसते, वाफसाच येत नाही. सोडियम जास्त निघालं तर माती तपासून जिप्समची मात्रा ठरवा.

आता नत्र, आणि हे मला कळकळीनं सांगायचंय. वरच्या उसाला टाकलेला युरिया धुऊन तुमच्या चरात येतो. सुरुवातीला तो उपयोगीच, तेवढं खत कमी करा. काढणीच्या आधीचे दीड-दोन महिने मात्र नत्र नकोच. पाला माजतो, कंद भरलेला दिसतो, पण साखर घटते. शिवाय कंदातलं नत्र, सोडियम, पोटॅश साखरेचे दाणे पडू देत नाहीत. ती साखर मळीत जाते. शेवटच्या पाळ्या पुन्हा नदीच्या.

संजीवकांचा क्रम यानंतरचा. जिबरेलिक ॲसिड बिटाला नको. त्यानं पाला वाढतो, फुलाचा दांडा निघू शकतो. पॅक्लोब्युट्राझोल वाढ रोखतं खरं, पण मातीत फार काळ राहतं. पुढच्या पिकाचं काय? क्षारांचा ताण सोसायला सॅलिसिलिक ॲसिडच्या सौम्य फवारणीचे प्रयोग झालेत. करायचंच तर चार ओळींवर करून बघा.

आणि बियाणं घेण्याआधी कारखान्यात जाऊन या. उसाच्या रोलरमधून बीट निघत नाही. त्याच्या चकत्या करून गरम पाण्यात साखर उतरवावी लागते. ती सोय जवळ नसेल तर एप्रिल-मेच्या उन्हात काढलेला कंद ठेवणार कुठे? घेणारा नक्की करा, मग पाण्याचा नमुना तपासायला द्या.