टाके सुकले म्हणून रेकॉर्डिंगची घाई नको

अगं, परवा रॅटवर शस्त्रक्रिया केलीस आणि आज त्याच्या झोपेचं रेकॉर्डिंग लावायचं म्हणतेस? थांब. मेंदूच्या लाटा टिपायला कवटीत स्क्रू आणि स्नायूचा ताण टिपायला मानेच्या स्नायूत तारा बसवलेल्या रॅटला निदान ७ ते १० दिवस दे. टाके वरून सुकलेले दिसतात, पण झोप अजून विस्कटलेलीच असते. दुखणं, सूज, यांनी ती तुटक होते. वेदनाशामक म्हणून दिलेलं ब्युप्रेनॉर्फिनही झोप बिघडवतं. म्हणून ते टाळावं, असं मात्र मनातही आणू नकोस. औषध वेळेवर दे आणि रेकॉर्डिंगआधीचे दिवस वाढव.

रोज सकाळी वजन कर. त्याआधी पाच मिनिटं हात न लावता नुसती बघत बस: डोळे अर्धवट मिटलेत का, पाठीला पोक आलंय का, केस पिंजारलेत का. मला विचारशील तर ही पाच मिनिटं कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त सांगतात.

रॅट दिवसा झोपतो, हे विसरून दुपारी पिंजरे धुऊ नकोस. आणि पुण्यात आहेस, तर तारखा गणपती-दिवाळी बघूनच ठरव. विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशांच्या दणदणाटात घेतलेलं माझं अख्खं रेकॉर्डिंग मला टाकून द्यावं लागलं होतं. त्या जिवाने सोसलेलं वाया गेलं, याचं वाईट अजून वाटतं.

गाढ झोपेत ०.५ ते ४ हर्ट्झच्या उंच, संथ डेल्टा लाटा दिसतील. आरईएम झोपेत (डोळे भराभर हलतात ती झोप) थीटा, म्हणजे डेल्टापेक्षा जलद लाटा, येतील आणि मानेच्या स्नायूची रेघ जवळजवळ सपाट होईल. ती कधीच सपाट होत नसेल, तर आधी तार तपास.